सूर्याचं पाणी येईल, विहिरी बुजवू नका

बोअर कोरडी पडली की सोसायटीत दुसऱ्या दिवशी बैठक बसते. बोअर मचूळ झाली तर बसत नाही. फ्लशला पाणी येत असतं, गाड्या धुतल्या जात असतात, फरशीवर पांढरे डाग उमटतात, नळ वर्षभरात जाम होतात आणि सगळे म्हणतात, इकडचं पाणी असंच. मीरा-भाईंदरमध्ये पंपाची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. उत्तन-डोंगरीच्या विहिरींत उतरलो, मीरा रोडच्या टॉवरांमागच्या बोअरमधून मोटारी काढल्या. त्या अनुभवावरून सांगतो, इकडचं पाणी असंच नव्हतं. ते आपण असं केलं. काही ठिकाणी ते अजून गोडं आहे आणि ते राखायचं की घालवायचं हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे. सूर्या धरणाचं पाणी शहरात यायचंय. ते आलं की विहिरींची आठवण कुणी काढणार नाही, ही माझी भीती आहे.

आपण बेटावर राहतो हे रोजच्या धबडग्यात विसरायला होतं. लोकल नायगावच्या पुलावर चढली की खाडी दिसते, वर्सोवा पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की दिसते, तेवढंच. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र, मध्ये हे साष्टी बेट. मुंबईची उपनगरं, ठाणे शहराचा मोठा भाग आणि आपण सगळे त्याच्यावर बसलोय. त्याच्या वायव्य टोकाला धारावी बेट आहे: मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी. (मुंबईतली धारावी वेगळी, हे नव्या रहिवाशांना सांगावं लागतं.) भाईंदर आणि ह्या बेटाच्या मध्ये खाजणं आणि मिठागरं, आणि त्या वाटेवर राई, मुर्धा, मोर्वा. मी मुर्ध्याचा.

वडील मिठागरात कामाला होते. उधाणाच्या भरतीला समुद्राचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, उन्हात आटवत एका खणातून दुसऱ्या खणात न्यायचं आणि मग मीठ ओढायचं. दिवसभर पाय खाऱ्यात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर विहिरीचं गोडं पाणी. मिठागराचा बांध आणि ती विहीर ह्यांच्यात फार तर हाकेचं अंतर. समुद्र एवढा जवळ असून विहीर गोडी कशी, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. पंपाच्या धंद्यात पडल्यावर ते उमगत गेलं.

गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं. पाऊस मुरमातून, खडकाच्या भेगांतून खाली उतरतो आणि आधीपासून तिथं असलेल्या खाऱ्या पाण्यावर थर करून राहतो. नेदरलँड्सचा बाडोन गायबेन आणि जर्मनीचा हर्झबर्ग ह्या दोघांनी शंभरावर वर्षांपूर्वी, आपापल्या जागी काम करताना, ह्याचा हिशेब मांडला. जमिनीतल्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर त्याचा थर समुद्रसपाटीच्या खाली साधारण 40 मीटरपर्यंत जातो. आता हाच हिशेब उलटा करा. उपसून उपसून पातळी 1 मीटरनं खाली आणली, तर खालचं खारं पाणी 40 मीटर वर यायला मोकळं होतं. वाळूच्या बेटांवर हे गणित बरंचसं जुळतं. आपल्याकडे खडक आहे, पाणी भेगेतून भेगेत जातं, म्हणून एका बोअरला खारं लागतं आणि पलीकडच्या भिंतीलगतची बोअर गोडी निघते. माणसं त्याला नशीब म्हणतात. पण वरून जितकं ओढाल तितकं खालून खारं चढणार, हे दोन्ही बोअरना लागू आहे. एकीचं आधी, दुसरीचं नंतर.

मीरा रोडच्या एका सोसायटीत मे महिन्याच्या अखेरीस मोटार काढायला गेलो होतो. तिवई उभी केली, चेनपुली लावली, वीस-वीस फुटी जीआय पाइप एकेक करून वर येऊ लागले. वरचे पाइप नुसते तांबूस. खालचे यायला लागले तसे हातात गंजाचे पापुद्रे सुटू लागले, आणि सांध्यांवर पांढरा खडबडीत थर, नखानं खरवडला तरी न निघणारा. शेवटी पंप आला. पंप आणि मोटार ह्यांच्या मधली जाळी अर्धी खाल्लेली होती. ही मोटार बसवून दोन उन्हाळेही झाले नव्हते. पाण्याचा थेंब जिभेला लावला. मिठागराच्या घरात वाढलेल्या माणसाला क्षार मोजायच्या मीटरची गरज नसते, तरी सेक्रेटरींना दिसावं म्हणून बादलीत मीटर बुडवला. आकडा चार अंकी आला. सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, अजून शंभर फूट खाली नेली तर चांगलं पाणी लागेल ना?" मी म्हटलं, "साहेब, खाली समुद्र आहे."

हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक सोसायटीत विचारतात. देशावरच्या माणसाला तो सुचणं साहजिक आहे. सोलापुरात, नगरला पाणी खोल गेलं की बोअर खोल न्यायची, हीच रीत आहे. तिथं ते महाग पडतं, कोरडंही निघतं, पण निदान खाली समुद्र वाट बघत नसतो. बेटावर खोल जाणं म्हणजे खाऱ्याच्या जवळ जाणं. मोठी मोटार बसवली की बोअरच्या नेमक्या खालून खारं पाणी टेकाड करून वर चढतं आणि एकदा भेगेत शिरलं की एका पावसाळ्यात धुऊन निघत नाही.

खारं किती मिसळलं म्हणजे पाणी हातचं गेलं, ह्याचाही हिशेब सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा पर्यायच नसेल तर 2000. समुद्राच्या पाण्यात हे क्षार 35 हजारांच्या घरात असतात. म्हणजे शंभर बादल्यांत पाच बादल्या समुद्राच्या गेल्या, की चांगल्या विहिरीचं पाणी त्या शेवटच्या मर्यादेला टेकतं. दिसायला तेवढंच स्वच्छ. विहीर भरलेली. बाहेरून बघणारा म्हणेल, पाण्याला काय झालंय?

राज्याचा भूजल कायदा 2009 चा, तो अमलात आला जून 2014 पासून. 60 मीटरपेक्षा जास्त खोल विहिरीला त्यात 'खोल विहीर' म्हटलंय आणि शेती व उद्योगासाठी तशी विहीर घेण्यावर बंदीची तरतूद आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. त्याहून खाली गेलेल्या सोसायट्यांच्या बोअरमध्ये मी स्वतः मोटारी सोडल्या आहेत. फ्लशचं आणि बागेचं पाणी ना शेती ना उद्योग, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं म्हणणं असं, की खाडी आणि समुद्राच्या काठच्या शहरात ही खोलीची अट घरगुती बोअरलाही लावा, आणि दोनशे फुटांवर थांबू नका, त्याहून वर या. कोणत्या भागात किती, हे भूजलवाल्या मंडळींनी ठरवावं.

माणसं किती वाढली हे आकड्यांत बघा. 1991 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. 2001 ला पाच लाख वीस हजार. 2011 ला आठ लाखांवर. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण मीरा रोड स्टेशनवर संध्याकाळी उभं राहिलं तर अंदाज येतो. ह्या माणसांना पाणी बेटावरचं कधी पुरलं नाही, पुरणारही नव्हतं. ते शहाडला उल्हास नदीतून उचलून येतं, एमआयडीसीकडून बारवी धरणाचं येतं. आता पालघरच्या सूर्या नदीवरून यायचंय. एमएमआरडीएची ही योजना दिवसाला 403 दशलक्ष लिटरची. त्यातला 185 चा वाटा वसई-विरारचा, 218 आपला. डोंगरांतून बोगदे, खाडीखालून जलवाहिनी, काम मोठं आहे. वसई-विरारला पाणी सुरू झालं, आपला टप्पा मागे राहिला. ते पाणी आलंच पाहिजे. तीन-तीन दिवस नळाकडे बघत बसलेल्या घरांत मी कामं केली आहेत, त्यामुळे त्या पाण्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

पण एवढ्या लांबून, दोन बोगदे आणि एक खाडी ओलांडून येणाऱ्या पाण्यावर अख्खं शहर टाकायचं आणि पायाखालचं गोडं पाणी हातानं खारट करायचं, ह्याला मी विरोध करतो. मालदीवची राजधानी मालेचं उदाहरण आहे. तिथंही वाळूखाली गोड्या पाण्याचा थर होता, घरोघरी विहिरी होत्या. माणसं दाटली, उपसा वाढला, सांडपाणी मुरलं, आणि शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर गेलं. 4 डिसेंबर 2014 ला त्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर माणसांचा नळ बंद पडला. भारतानं विमानानं आणि जहाजानं पाणी धाडलं. विहिरी होत्या, पण प्यायच्या उरल्या नव्हत्या. आपल्या शेजारी मनोरीलाही मुंबई महापालिकेचा असाच प्रकल्प व्हायचाय, सुरुवातीला 200 आणि पुढे 400 दशलक्ष लिटरचा. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 2005 पासून असं यंत्र चालतं, तिथं त्याची गरजच आहे, कारण तिथं डोंगर नाही, नदी नाही. आपल्याकडे डोंगर आहे आणि चार महिने आभाळ फाटतं.

आभाळातून किती पडतं? सांताक्रुझची पावसाळ्याची सरासरी 2300 मिलिमीटरच्या आसपास आहे. आपण कमी धरू, 2000. शहराचं क्षेत्र 79 चौरस किलोमीटर. गुणाकार करा आणि 365 नं भागा: दिवसाला सुमारे 43 कोटी लिटर. सूर्याचा आपला वाटा 21 कोटी 80 लाख लिटरचा. म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी आपल्या डोक्यावर पडतं आणि बहुतेक सगळं दोन-तीन तासांत नाल्यातून खाडीला जातं. सगळं अडवता येणार नाही, हे मलाही कळतं. पण थोडं तरी?

इथं डोंगरीच्या एका विहिरीबद्दल सांगितलं पाहिजे. डोंगराच्या पायथ्याशी, दगडी कठड्याची, आत उतरायला भिंतीतून बाहेर काढलेले दगड. उत्तन-डोंगरीचा खडक मुंबईच्या काळ्या कातळासारखा नाही, फिकट आहे, तोही ज्वालामुखीचाच. मेमध्ये गाळ काढायला तिच्यात उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि डोंगराकडच्या बाजूनं, बोटभर भेगेतून, झरा चालू होता. थंड आणि गोडं पाणी. समुद्राकडची भिंत मात्र कोरडी. त्या विहिरीवर तीन घरं आहेत. घरातल्या काकींनी अर्ध्या एचपीच्या वर मोटार कधी बसू दिली नाही. सकाळी तासभर चालवायची, मग बंद. "तिला परत भरू दे ना," म्हणतात. एका टँकरवाल्यानं महिन्याचे चांगले पैसे देऊ केले होते, काकींनी त्याला दारातूनच लावून दिलं. गायबेन आणि हर्झबर्ग त्यांना ठाऊक नाहीत. पण बेटावरची विहीर कशी वापरायची, ह्याचं त्याहून चांगलं उत्तर मला कुठल्या अहवालात मिळालेलं नाही: छोटी मोटार, थोडा वेळ, रोज.

तो झरा डोंगराचा आहे. डोंगरावर झाडं आहेत, पालापाचोळा आहे, माती आहे, म्हणून पाऊस तिथं थबकतो आणि खाली उतरतो. मेट्रो 9 ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वाला यायची होती. आमच्या गावांनी विरोध केला, आमची घरं आणि जमिनी जात होत्या. मग ती डोंगरीला गेली आणि बारा हजारांवर झाडं तोडायचा विषय निघाला. मुर्ध्याचा माणूस म्हणून मला हे लिहिताना जड जातं, कारण आमच्या दारातून उठलेलं ओझं शेजारच्या गावाच्या डोंगरावर पडलं. मेट्रो हवी. पण झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावू, हा हिशेब पाण्याला लागू पडत नाही. डोंगराचा उतार सपाट करून त्यावर काँक्रीट टाकलं, तर दुसऱ्या तालुक्यात लावलेलं झाड डोंगरीच्या विहिरीला पाणी देणार नाही. जिथं डोंगर कापला जातो, तिथं खालच्या विहिरींचं काय होईल, हे आधी कुणी मोजलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कागदावर मिळायला हवं. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा जातो. त्याचं काळं पाणी शेतात आणि विहिरींत उतरतं ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. दोन्ही डोंगर धारावी बेटाचेच.

सोसायट्यांमधल्या जलसंधारणाच्या खड्ड्यांबद्दलही स्पष्ट बोलतो. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवण्याची सोय सक्तीची आहे. नियम चांगला आहे. पण मीरा रोडचा बराच भाग खाजण आणि मिठागरावर भराव टाकून उभा आहे. भरावाखाली खाडीचा चिकट काळा गाळ. त्यात खड्डा खणून विटांचे तुकडे भरले की पाणी मुरत नाही, डास होतात. काही ठिकाणी तर पार्किंगमधलं तेलकट पाणी थेट बोअरमध्ये सोडलेलं मी पाहिलंय. त्यानं बोअर कायमची नासते. अशा ठिकाणी मुरवायच्या नादी लागू नये, गच्चीचं पाणी टाकीत साठवावं. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला दहा लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं पाव जरी साठवून फ्लशला वापरलं, तर पावसाळ्यात बोअर बंद ठेवता येते आणि चार महिने तिला विश्रांती मिळते. मुरवायचं असेल तर काशीगाव, चेणे, डोंगरी, उत्तन ह्या डोंगराकडच्या भागांत. एकच नियम सगळ्या शहराला लावून कंत्राटदाराचं बिल निघतं, पाणी साठत नाही.

वसईकरांनी हे आपल्या आधी भोगलंय. तिथं घराजवळ बावखलं असायची, पावसाचं पाणी धरणारी, विहिरींना पुरवणारी. रहाट होते, केळीच्या बागा होत्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डर आणि टँकर दोन्ही आले, विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या हाकेला लोक रस्त्यावर उतरले. खाडीच्या ह्या बाजूला असं आंदोलन पाण्यासाठी झालं नाही. धारावी बेटावर लोक विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध लढले, जमिनीसाठी लढले. त्या लढ्यानं जमिनीबरोबर विहिरीही वाचवल्या, पण त्याची नोंद कुणी तशी केली नाही.

एप्रिल 2025 मध्ये मुंबईच्या टँकरवाल्यांनी केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्याच्या अटींवरून बंद पुकारला. चार दिवसांत मुंबई महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढून विहिरी आणि टँकर ताब्यात घ्यायची भाषा करावी लागली. ज्या पाण्याचा कुणी हिशेब ठेवत नाही, त्यावर एवढं मोठं शहर किती टेकलंय, हे तेव्हा उघड झालं. तेही बेटावरचंच पाणी.

समुद्र थांबलेला नाही. 1901 ते 2018 ह्या काळात जगभरात त्याची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली, असं आयपीसीसीचा 2021 चा अहवाल सांगतो, आणि वेग वाढतोय. पाऊसही पूर्वीसारखा झिरपत पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. असा पाऊस मुरत नाही, वाहून जातो. खालून समुद्र वर येतोय, वरचा पाऊस हातातून निसटतोय आणि मधला थर आपण मोटारी लावून पातळ करतोय. तिन्हींपैकी मोटार एवढी एकच गोष्ट आपल्या हातात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मीरा-भाईंदरनं स्वतःसाठी तेच करावं, पातळीबरोबर क्षारही मोजावेत, निदान मेअखेर आणि ऑक्टोबरात, आणि आकडे प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावावेत. ज्या भागात क्षार वाढताना दिसतील तिथं नवी बोअर नाही आणि जुन्या बोअरला मोठी मोटार नाही. धारावी बेटावरच्या विहिरींतून विक्रीसाठी टँकर भरायला पूर्ण मनाई. सूर्याचं पाणी ज्या गल्लीत पोहोचेल, तिथली विहीर बुजवायला परवानगी देऊ नये. तिच्यावर जाळी टाकावी, गाळ काढावा, वापर चालू ठेवावा, कारण वापरात नसलेल्या विहिरीत आधी कचरा पडतो आणि मग तिच्यावर स्लॅब पडते.

मोजायला सुरुवात डोंगरी, तारोडी, पाली, चौक आणि उत्तनपासून करावी. तिथं अजून राखण्यासारखं पाणी आहे. मीरा रोडच्या बोअर मागून मोजल्या तरी चालतील. टेप आणि मीटर माझ्याकडे आहेत. कार्यालयानं नोंद करायला एक माणूस द्यावा, मी ह्या मेपासूनच बरोबर यायला तयार आहे.